म्हणावं, चहा झालाय

लातूरच्या ज्या गल्लीत मी इंग्रजी शिकवते, तिथं एकेका इमारतीत चार-चार क्लास आहेत. दुपारी तीन वाजता चारही माइकचे आवाज एकमेकांत मिसळतात. वर रसायनशास्त्र, खाली गणित, शेजारी जीवशास्त्र, आणि मधल्या मजल्यावर मी, स्पर्धा परीक्षेचं व्याकरण घेऊन. वरच्या सरांचा आवाज इतका दांडगा, की माझ्या पोरांना आम्ल-अल्कली पाठ होतं आणि क्रियापद होत नाही. असो. त्यांच्याबद्दल बोलायला बसले तर संध्याकाळ होईल.

दरवर्षी एक धडा येतो आणि त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. म्हणणारा कोण ते न सांगता त्याचं म्हणणं कसं सांगायचं, याचा तो धडा. 'पीपल से' म्हणायचं, 'दे से' म्हणायचं, नाहीतर माणूस पार काढूनच टाकायचा आणि म्हणायचं, 'इट इज सेड दॅट'. तिन्ही वाक्यं मी फळ्यावर लिहिते आणि सांगते, की हा 'इट' म्हणजे कुणीही नाही, वाक्याला कर्ता लागतो म्हणून नुसता बसवलाय. त्याच्यापुढं काय आलंय ते बघा. सेड आलंय, बिलीव्हड आलंय, फिअर्ड आलंय, होप्ड आलंय. म्हणजे माणूस दिसत नाही, पण तो घाबरलाय की आस लावून बसलाय, ते कळतं. पोरं मान हलवतात आणि लिहून घेतात.

मागच्या बॅचला अहमदपूरकडची एक मुलगी होती, पहिल्या बाकावर बसायची. तिनं हात वर केला आणि विचारलं, की मॅडम, पण म्हणणारा कोण हे विचारायचंच नाही का. मी म्हटलं, परीक्षेत नाही. ती हसली. मी फळ्याकडं तोंड करून पुसलेल्या जागेवरच डस्टर फिरवत राहिले. हा प्रश्न माझ्या आईनं एकदा घरात विचारला होता, आणि त्यानंतर आमच्या घरातलं बोलणं बंद पडलं होतं.

आम्ही मुदखेडचे. वडील रेल्वेत पॉइंटमन. मुदखेडहून रूळ तीन दिशांना फुटतात. कुठली गाडी कुठं जायची तसा रूळ बदलून द्यायचा आणि झेंडी दाखवायची, हे त्यांचं काम. माझ्या आत्या त्यांना दादा म्हणायच्या, तेच माझ्याही तोंडात बसलं. मी एकटीच. आई लग्नाआधीच बारावी झालेली, आणि त्या काळात आमच्या गल्लीत बारावी झालेली बाई ती एकटीच. मी दुसरीत असताना तिला लातूरच्या अध्यापक विद्यालयातून पत्र आलं. डी.एड.ला नंबर लागला होता. दोन वर्षं होस्टेलला राहायचं, मग मास्तरीण. पत्र तिनं घडी करून पोळपाटाखाली ठेवलं आणि दादांची ड्युटी सुटायची वाट बघत बसली. त्या दुपारी तिनं मला विनाकारण दोनदा जवळ घेतलं, हे मला पक्कं आठवतं.

दादांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मला वाटलं खूश झाले. झालेही असतील. मग म्हणाले, की सगळं बरोबर हाय, पण बाईमाणूस दोन वर्षं घर सोडून राहिलं तर लोक काय म्हणतील. आमची गल्ली म्हणजे पौर्णिमेला विहारात जमून शिका, शिका म्हणून सांगणारी. त्या गल्लीत बसून हे बोलणं.

आई चिडली नाही. तिनं फक्त विचारलं, "कोण लोक? नावं सांगा. मी जाऊन बोलते त्यायला."

दादांना एक नाव सांगता आलं नाही. विचार करतो म्हणाले. करत राहिले. पत्रातली तारीख आली आणि गेली. त्या संध्याकाळी आईनं भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हटलं, "मंग आता त्या लोकांशीच बोला." तिथून पुढं तिनं तोंड मिटलं.

आदळआपट नव्हती, माहेरी जाणं नव्हतं. डबा वेळेवर, युनिफॉर्म धुऊन दोरीवर, तिघांची ताटं शेजारी शेजारी. फक्त जे काही बोलायचं ते माझ्या मार्फत. अबोला कुणाच्या घरी नसतो? पण तो चार दिवसांत विरतो. आमच्याकडं तो पाहुणा म्हणून आला आणि राहूनच गेला. दादा दोन हातांच्या अंतरावर बाजेवर बसलेले असायचे आणि आई मला म्हणायची, "म्हणावं, चहा झालाय." मी मान वळवून सांगायची, की दादा, चहा झालाय म्हणते. दादा म्हणायचे, म्हणावं, ठेव. मी मान परत वळवायची आणि सांगायची, ठेव म्हणतेत. मग कप यायचा. कुणी म्हणायचं, कुणाला म्हणायचं, ते कधीच कुणी उच्चारलं नाही.

सुरुवातीला मी ऐकलं तसं सांगायची. आठवडाभरात मला कळलं, की हे कामाचं नाही. एकदा आई म्हणाली, की सांग त्यायला, घरात मिठाचा खडा न्हाई दोन दिवस झाले, डोळे फुटले का. मी ते तोंडात घोळवलं आणि दादांना सांगितलं, की आई म्हणते, येताना मीठ आणता का. दादा चप्पल घालत होते, ते थांबले. माझ्याकडं बघून म्हणाले, "अशी म्हणली?" मी मान डोलवली. संध्याकाळी मिठाबरोबर पावशेर जिलेबी आली. आईनं जिलेबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सगळ्यांच्या ताटात सारखी वाढली.

मग काय, मला चटकच लागली. तिकडून तक्रार आली की मी विनंती करून सोडायची. ताकीद आली की आठवण करून सोडायची. दादा कुरकुरले की मी आईला सांगायची, विचारतेत. आई ठणकावून नाही म्हणाली की मी दादांना सांगायची, बघते म्हणते. क्लासात आज मी पोरांना क्रियापदांची यादी देते, कम्प्लेन्ड, वॉर्न्ड, रिक्वेस्टेड, अ‍ॅडमिटेड, आणि नीट निवडा म्हणून ओरडते. मी ती निवड सात वर्षांची असताना, चुलीपासून बाजेपर्यंतच्या दोन हातांत करत होते. आता सांगायला गंमत वाटते. तेव्हा कधीकधी लई दमायला व्हायचं. मला ताप आला तेव्हा आई कपाळावर पट्टी ठेवता ठेवता मला उठवायची आणि म्हणायची, जरा विचार, जेवले का. मी डोळे न उघडता विचारायची.

अशी दहा वर्षं गेली. मी बारावी झाले, चांगल्या मार्कांनी. मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं, लातूरला, होस्टेलला राहून. म्हणजे तेच लातूर, तेच होस्टेल, आणि लोकही तेच. दादांनी फॉर्म बघितला, घडी केली आणि युनिफॉर्मच्या खिशात ठेवला. तीन दिवस तो तिथंच राहिला. सहीशिवाय फॉर्म चालत नव्हता आणि शेवटची तारीख जवळ आली होती. मी आईला म्हटलं, तू एकदा बोल ना त्यांच्याशी, माझ्यासाठी. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, की तुझं तू बोल, त्या माणसापुढं मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी दादांचा डबा घेऊन स्टेशनवर गेले. मालगाडी बाहेर थांबलेली, केबिनच्या मागं लिंबाची सावली, आणि त्या सावलीत दादा दगडावर बसलेले. ऊन इतकं कडक होतं, की रूळ तापल्याचा वास येत होता. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला. मी म्हटलं,

"दादा, आई म्हणते, पोरीला जाऊ दिलं तर मी बोलेन."

याआधी मी निरोपाचा रंग बदलला होता, निरोप कधी बनवला नव्हता. दादांनी मोडलेला तुकडा परत डब्यात ठेवला. मालगाडीच्या इंजिनाकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "अशी म्हणली?"

मी म्हटलं, हाव.

त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, हात शेजारी ठेवलेल्या हिरव्या झेंडीला पुसले, खिशातून फॉर्म काढला आणि डब्याच्या झाकणावर ठेवून सही केली. सही करताना त्यांचे ओठ हलत होते. मला तेव्हा आनंद झाला. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. ते नंतर वाटलं, आणि मग सुटलंच नाही.

मी निघाले त्या दिवशी दादांची सुट्टी होती, तरी त्यांनी इस्त्रीचा युनिफॉर्म घातला होता. तिघं प्लॅटफॉर्मवर उभे होतो, मध्ये माझी पत्र्याची पेटी. दादा आईकडं बघत होते. एकदा बघितलं, मग सिग्नलकडं बघितलं, मग परत आईकडं. ते कशाची वाट बघताहेत हे फक्त मला माहीत होतं. आई माझ्या चटणीच्या डब्याला फडकं बांधत होती. गाठ मारून झाल्यावर ती मला म्हणाली, "म्हणावं, बाटलीत पाणी भरून आणा." दादा पाणी भरून घेऊन आले. गाडी आली, मी चढले, गाडी सुटली. ते दोघं तिथंच उभे होते, मधली पेटीची जागा रिकामी ठेवून. परभणी येईपर्यंत मी रडत होते. समोरच्या बाईनं विचारलं, नवीन लगीन झालं का माय. मी तिलाही हाव म्हटलं. एकदा खोटं जमलं की जमतच राहतं.

जी गोष्ट माझी नव्हतीच, ती मी दादांना कबूल करून बसले होते. होस्टेलच्या खोलीत मला एकच चित्र दिसायचं: दादा घरी जाऊन बाजेवर बसलेत आणि चुलीकडं कान लावून वाट बघताहेत. दिवाळीला घरी गेले. आईनं मला बघितलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, म्हणावं, चहा झालाय. म्हणजे ती बोललीच नव्हती. दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत. ये माय, बस, म्हणाले आणि कप हातात घेतला. त्यांनी मला एक लगावली असती तर बरं झालं असतं.

आणि त्याच सुट्टीपासून ते स्वप्न पडायला लागलं. उजाडताना पडायचं, मुदखेडच्या घरातच, इतर कुठं नाही. मी खाटेवर गोधडीत असायची आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचे. एक जाड, एक बारीक. शब्द कळायचे नाहीत. बारीक आवाज बराच वेळ चालायचा, मग जाड आवाज थोडा, मग कुणीतरी हसल्यासारखं. स्टोव्ह फुरफुरायचा, आल्याचा वास यायचा, लांबून हैदराबादकडच्या गाडीची शिट्टी यायची आणि तिच्याखाली ते आवाज दबून पुन्हा वर यायचे. मला स्वप्नातही कळायचं की हे स्वप्न आहे, म्हणून मी डोळे घट्ट मिटून निपचित पडायची. हललं की ते जाणार. आणि ते जायचंच. मी उठून बसले, की आई चुलीपाशी एकटी, दादा अंगणात लिंबाची काडी दातात धरून उभे, आणि घरात चिडीचूप. मग मी तोंड धुऊन कामाला लागायची. म्हणावं अमुक, म्हणतेत तमुक.

वर्षं गेली. लातूरलाच नोकरी, लातूरलाच लग्न, लातूरलाच घर झालं. दादा रिटायर झाले. स्वप्न मात्र चुकलं नाही. सुट्टीला गेले की दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे हजर. मी मनाशी धरून चालले होते, की माझं पापच मला हे ऐकवतं. दरवेळी ठरवायची, आज सांगून टाकायचं. आईला सांगायचं, की मी तुझ्या नावावर बोलले, आता तू एकदा बोल आणि मला सोडव. ओठांपर्यंत यायचं आणि मी चहाबरोबर गिळून टाकायची. दादांना हे कळलं तर, पोरीनं आपल्याला फसवलं हे त्यांनी कसं सोसायचं? त्यापेक्षा आस लावून बसलेले बरे, असंही मनात यायचं. किती वाईट विचार होता तो, हे लिहिताना कळतंय.

गेल्या हिवाळ्यात दादांचे कान गेले. म्हणजे जात होते आधीपासून, आम्हीच लक्ष दिलं नाही. फोनवर मी काहीही विचारलं तरी ते हाव, हाव म्हणायचे. जेवलात का, हाव. पाऊस पडला का, हाव. मी कोण बोलतेय, हाव. त्यांना नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, डावा संपलाय, उजवा निम्मा राहिलाय, मशीन बसवू, पण तेही किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. मग सहज म्हणाले, की जे काही बोलायचंय ते आता बोलून घेत जा त्यांच्याशी. ते सगळ्यांनाच तसं सांगत असतील. मी मात्र जिना उतरताना तेच मनात घोळवत होते. दादांनी एका वाक्यासाठी आयुष्य काढलं होतं, आणि आता आई बोललीच तरी ते त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

मशीन तयार आहे असा नांदेडहून फोन आला तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी मी क्लास बंद ठेवला आणि सकाळच्या एसटीनं निघाले. मुदखेडला कळवलं नाही. कळवलं असतं तर आईनं पुरणाचा घाट घातला असता आणि माझं बोलायचं राहून गेलं असतं. खिडकीला डोकं टेकलं. तुरी फुलल्या होत्या. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी अर्धवट झोपेत वाक्य जुळवत होते. पोटासाठी इतकी वर्षं व्याकरण शिकवून झाल्यावर मला जी वाक्यं सुचत होती ती सगळी बिनमाणसांची. असं झालं, असं बोललं गेलं, असं वाटलं. शेवटी नांदेडच्या स्टँडवर उतरताना एक जमलं: आई, मी खोटं बोलले.

मशीनची डबी पर्समध्ये घालून, पॅसेंजर पकडून मी मुदखेडला पोचले तेव्हा दोन वाजले होते. गल्ली झोपलेली. एक कुत्रं उन्हात आडवं. मी वळणावर आले आणि आईचा आवाज ऐकला. शेताच्या त्या बांधावरून या बांधावर हाक मारावी, इतका मोठा.

ती म्हणत होती, की ती गोळी जेवणाआधी घ्यायची व्हती, आधी. त्यावर दादांचा तेवढाच मोठा आवाज आला, की आधीच घेतली. मग परवा कशी नंतर घेतली. परवाचं परवापाशी. काल पोरगी फोन करून राहिली, तुमी उचलला न्हाई. मला ऐकू येत न्हाई तर काय करू, तू उचल. मी उचलला तर तिला काय सांगू, तुमी काय म्हणता ते?

मी शेजारच्या घरापाशीच थांबले. शेजारच्या मावशी उंबऱ्यात बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, की कान गेल्यापासून असं मोठ्यानं झालंय, आधी हळू आवाजात चालायचं. मी विचारलं, आधी म्हणजे कधीपासून. त्या म्हणाल्या, "तू लातूरला गेली त्या सालापासून की. लोक म्हणतेत, एवढं बोलायला ह्या दोघायला सुचतंय तरी काय."

"कोण लोक, मावशी?"

त्यांनी सुपातला हात काढून बोटं मोडायला सुरुवात केली. गिरणीवाला, त्याची बायको, कोपऱ्यावरची कंडक्टरीण, विहारातल्या सगळ्या बाया, दूधवाला, आणि शेवटी त्या स्वतः. सगळ्यांची नावंगावं सांगितली त्यांनी. चोवीस वर्षं अख्ख्या गल्लीला माहीत होतं. एक मी सोडून.

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. चौतीस वर्षांचा बोजा, दोन हातांच्या अंतरात चहा म्हणते, ठेव म्हणतेत, आणि ते पहाटेचं स्वप्न, ज्याला भिऊन मी अंग चोरून पडून राहायची. स्वप्न कसलं, दोघं चक्क गप्पा मारत होते. मग मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी मावशींच्या उंबऱ्यात बसून घळाघळा रडले. मावशींनी पाणी दिलं आणि डाळ निवडत राहिल्या.

तोंड पुसून मी घराकडं गेले. फाटकाशी मुद्दाम खाकरले, कडी वाजवली. आतला आवाज जागच्या जागी बंद. आई पदर सावरत बाहेर आली, अगं, आज कशी आलीस म्हणाली. दादा बाजेवर बसलेले, मला बघून उठले, मी त्यांच्या पुढ्यात उभी. आणि आई माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणावं, पोरगी आली."

मी खाली बसले. सांगून टाकलं. डबा, लिंबाची सावली, झाकणावरची सही, सगळं. आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दादांना काही ऐकू येत नव्हतं, ते माझ्या तोंडाकडून तिच्या तोंडाकडं बघत होते. आई म्हणाली, की मी लातूरला गेले त्याच संध्याकाळी तिला कळलं होतं. स्टेशनवरून आल्यावर दादा त्या इस्त्रीच्या कपड्यांतच चुलीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, पोरगी गेली, आता बोल. तिला काही उमगेना. मग त्यांनीच सगळं सांगितलं. ती समजली, हे पोरीचं काम.

"मी न्हाई म्हणले असते तर तू खोटी पडली असतीस," आई म्हणाली. "म्हणून बोलले. माफ केलं असं न्हाई बरं का. ते पत्र अजून ट्रंकेत हाय."

मी विचारलं, मग माझ्यापासून का लपवलं, एवढी वर्षं. आई चक्क लाजली. पायाच्या अंगठ्याकडं बघत सांगायला लागली, की दहा वर्षं तुझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं, मग एकदम कसं उघडायचं. पहिल्या दिवाळीला ठरवलं होतं दोघांनी, पण जमलंच नाही. मग ती थांबली, आणि हळूच म्हणाली, "आन् तू सांगितलेलं गोड लागायचं. ते बोलतेत त्याच्याहून बरं सांगायचीस तू. त्यायलाबी तसंच वाटतं. म्हणून तू आलीस की आमी गप."

मी पर्समधून डबी काढली. मशीन दादांच्या उजव्या कानात बसवलं, डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं बारीक चाक फिरवलं. दादांनी डोळे विस्फारले. कुत्र्याचं भुंकणं, पंख्याची घरघर, सगळं त्यांच्यावर एकदम आलं असावं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ओळखीच्या माणसाला हळू आवाजात बोलायला लावा, म्हणजे कळेल. मी आईकडं बघितलं.

आई म्हणाली, म्हणावं, ऐकू येतंय का.

आयुष्यात पहिल्यांदा तिचा निरोप मी पोचवला नाही. खाली बघून डबीचं झाकण लावत राहिले, काढत राहिले. पंखा फिरत होता. बाहेर मावशींच्या सुपातली डाळ सळसळली आणि थांबली. त्याही कान देऊन बसल्या असणार. आईनं दोनदा पदर नीट केला. मग ती त्यांच्या तोंडाकडं नाही, त्या कानाकडं बघत, पहाटे मी गोधडीत ऐकायची त्या बारीक आवाजात म्हणाली, "चहा ठेवू का?"

दादा गडबडले. त्यांनी कानाला हात लावला, तिच्याकडं बघितलं, आणि मग सवयीनं मान वळवून मला विचारलं, "अशी म्हणली?"

"हाव, दादा," मी म्हटलं. "अशीच म्हणली."